जन्मदर घटतोय, तिसरं मूल हवं म्हणतात. पण बाळ सांभाळणार कोण?

गेल्या वर्षी एक सासूबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सुनेला चक्कर येत होती, जिना चढताना धाप लागत होती. वय २७, घरी चौदा महिन्यांची मुलगी, बाळंतपण सिझेरियनचं. हिमोग्लोबिन ८.६. मी लोहाच्या गोळ्या लिहून देत होते तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, “डॉक्टर, आता दुसऱ्याचं बघायला हरकत नाही ना? टीव्हीवर तर सांगतायत, तीन तरी हवीत.”

सून गप्प होती. मी सासूबाईंना विचारलं, “हिच्या मुलीला दिवसभर कोण बघतं?”

“तीच बघते की. माझे गुडघे हे असे. मुलगा कंपनीत, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. आणि शेजारीपाजारी आता कोण कुणाचं करतं?”

मूल कधी आणि किती, हा त्यांचा प्रश्न. बाळ सांभाळणार कोण, हा माझा. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय त्यांच्या प्रश्नाचं देता येत नाही, असं मला वीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर वाटतं. बातम्यांमध्ये मात्र किती मुलं हवीत यावरच चर्चा रंगते. ही चर्चा आता घराघरात पोहोचली आहे आणि तिचा ताण माझ्यासमोर बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर दिसतो. म्हणून ती जरा नीट समजून घेऊ.

बातम्यांमध्ये काय चाललंय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी राज्यातल्या जोडप्यांनी जास्त मुलं होऊ द्यावीत असं आवाहन केलं. त्याच सुमारास तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी एका सामूहिक विवाहसोहळ्यात, लोकसभेच्या जागा लोकसंख्येवर ठरणार असतील तर लोकांनी सोळा मुलांचा विचार का करू नये, अशी टिप्पणी केली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी जन्मदर २.१ च्या खाली जाऊ नये, म्हणून दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन मुलं असावीत, असं मत मांडलं. तिघांची राजकीय भूमिका वेगळी, कारणंही वेगळी, पण रोख एकच: मुलं वाढवा.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये नमुना नोंदणी पद्धतीचा २०२३ सालचा अहवाल आला. जन्म-मृत्यूची दरवर्षीची आकडेवारी देणारी ही केंद्र सरकारची पाहणी आहे. देशाचा एकूण जननदर १.९ वर आला. महाराष्ट्राचा १.४. दिल्ली १.२, पश्चिम बंगाल आणि तमिळनाडू १.३. बिहारमध्ये तो अजून २.८ आहे.

१९७१ मध्ये देशाचा हाच आकडा ५.२ होता. तुमच्या आजीला पाच-सहा भावंडं, आईला तीन-चार, तुम्हाला एक किंवा दोन. हा अहवाल म्हणजे आपल्या घरातल्या जुन्या फोटोंचंच गणित आहे.

२.१ म्हणजे काय?

एकूण जननदर म्हणजे एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुलं होतील याचा अंदाज. आई-वडील दोघे. त्यांची जागा घ्यायला दोन मुलं हवीत. पण काही मुलं मोठी होण्याआधीच दगावतात, आणि निसर्गतः मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात. म्हणून दोनऐवजी २.१. हा आकडा पूर्ण समाजाची सरासरी आहे. तुमच्या घराला दिलेलं उद्दिष्ट नाही.

दुसरी गोष्ट, जननदर २.१ च्या खाली गेला म्हणजे लोकसंख्या लगेच घटत नाही. आपल्याकडे तरुण जोडप्यांची संख्याच इतकी मोठी आहे की प्रत्येकी कमी मुलं झाली तरी एकूण जन्म भरपूर होतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकापर्यंत वाढत राहील आणि मग उतरणीला लागेल. ‘आपण संपत चाललो’ या भीतीपोटी कुणी घाईनं गरोदर राहावं अशी परिस्थिती नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जननदर घटला म्हणजे लोकांची मुलं होण्याची क्षमता घटली, असा अर्थ होत नाही. दवाखान्यात हा गैरसमज मी रोज ऐकते. जननदर खाली आला तो प्रामुख्यानं चांगल्या कारणांनी: मुलं जगू लागली, मुली शिकू लागल्या, लग्नाचं वय वाढलं, संततिनियमनाची साधनं मिळू लागली. ‘पाचातली दोन तरी हाती लागतील’ असं म्हणायची वेळ आज बहुतेक घरांवर येत नाही. ही घट म्हणजे आधी यश आहे, मग प्रश्न.

मग प्रश्न आहे कुठे?

जून २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं आपला वार्षिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी भारतासह १४ देशांतल्या सुमारे १४ हजार लोकांना ऑनलाइन प्रश्न विचारले होते. पाहणी ऑनलाइन, त्यामुळे सगळ्या खेड्यापाड्यांचं चित्र त्यात नाही. तरीही भारतातली उत्तरं बोलकी आहेत. ३६ टक्के लोकांनी नको असताना गर्भ राहिल्याचा अनुभव सांगितला. ३० टक्के लोकांनी सांगितलं, की आमची मुलांबद्दलची इच्छा पूर्ण झालेली नाही. कुणाला हवी त्यापेक्षा जास्त झाली, कुणाला कमी. अडचण काय, असं विचारल्यावर दहापैकी जवळपास चौघांनी पैशाचं कारण दिलं. नोकरीची अनिश्चितता, घराची अडचण आणि बाळ सांभाळण्याची भरवशाची सोय नसणं, हीही कारणं पुढे आली.

म्हणजे एकाच देशात एकीला नको असताना मूल होतं आणि दुसरीला हवं असताना होऊ देता येत नाही. आकडा १.९ असो वा २.९, खरा प्रश्न ही तफावत आहे.

सातभाई, हत्ती आणि आपण

इथं जरा माणसाबाहेर बघू. पिल्लं वाढवण्याचे निसर्गात ढोबळमानानं दोन मार्ग आहेत. रोहू मासा लाखो अंडी घालतो आणि पाठ फिरवतो; त्यातली मोजकी जगली तरी वंश चालतो. हत्तीण बावीस महिने पोट वागवते, एकच पिल्लू देते आणि त्याला वर्षानुवर्षं जपते. माणूस अर्थात हत्तीच्या बाजूचा. पण आपल्यात एक विचित्र गोष्ट आहे.

आपली सर्वात जवळची नातेवाईक चिंपांझी. तिच्या दोन बाळंतपणांत साधारण पाच-सहा वर्षांचं अंतर असतं. ओरांगउटानचं सात-आठ. कारण पिल्लाचा सगळा भार एकट्या आईवर. पहिलं सुटं झाल्याशिवाय दुसरं शक्य नाही. माणसाचं बाळ या दोघांपेक्षा जास्त परावलंबी. गायीचं वासरू तासा-दोन तासांत उभं राहतं. आपलं बाळ मान धरायलाच तीन-चार महिने घेतं. बाळाचा मेंदू जन्माच्या वेळी मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असतो. इतकं महागडं बाळ असूनही शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या मानवी समूहांत दोन मुलांतलं अंतर साधारण तीन-चार वर्षांचंच आढळतं. चिंपांझीपेक्षा कमी. हे जमलं कसं?

जमलं, कारण माणसाची आई एकटी नव्हती. जीवशास्त्रज्ञ याला सहकारी संगोपन म्हणतात. हे बघायला लांब जायला नको. अंगणात कलकलाट करणारे सातभाई पक्षी थव्यानं राहतात आणि एका घरट्यातल्या पिल्लांना थव्यातले इतरही चारा भरवतात. ताडोबातली रानकुत्री शिकार करून आली की कळपातले मोठे कुत्रे पिल्लांसाठी मांस ओकून देतात. पिल्लू कुणाचं, हे बघत नाहीत. हत्तिणीच्या कळपात मावश्या असतात. वानरांच्या टोळीत नवजात पिल्लू एकीकडून दुसरीकडे फिरतं आणि तेवढ्या वेळात आई पोटाला खाते.

माणसात तर निसर्गानं आजीच तयार केली. बहुतेक सस्तन प्राण्यांत मादी जवळजवळ मरेपर्यंत वीत राहते. पाळी बंद होऊन पुढे कित्येक वर्षं जगणाऱ्या जाती फार थोड्या: माणूस आणि किलर व्हेलसारखे काही दात असलेले देवमासे. किलर व्हेलची मादी साधारण चाळिशीपर्यंत विते आणि त्यानंतरही काही दशकं जगू शकते. अशी आजी जिवंत असेल तर नातवंडं तगण्याची शक्यता वाढते, असं अभ्यासात दिसलं आहे. टांझानियातल्या हाड्झा लोकांमध्ये राहून अभ्यास करणाऱ्या क्रिस्टन हॉक्स यांनी पाहिलं, की लेकीचं बाळ अंगावर पीत असताना मोठ्या नातवंडांचं पोट आजीनं खणून आणलेल्या कंदांवर भरतं. आजी हा घरातला जास्तीचा माणूस नाही. तिच्यामुळेच आपली जात इतकी वाढली, असं मानणारे शास्त्रज्ञ कमी नाहीत.

आपल्याकडे हे सगळं वेगळ्या नावांनी होतंच. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिन्याचा आराम, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तेल लावायला येणारी बाई, रात्री बाळ घेऊन फेऱ्या मारणारी मावशी. यातल्या काही चालीरीती वैद्यकीयदृष्ट्या सोडून द्याव्यात अशा आहेत. बाळाला धुरी देणं, घुटी चाटवणं नकोच. पण बाळंतिणीभोवती चार हात असावेत, ही त्यातली मूळ गोष्ट शंभर टक्के बरोबर होती.

हात कमी झाले

आज आजी साठीची आहे, पण ती गावी आहे आणि लेक पुण्यात वन बीएचकेमध्ये. किंवा आजी स्वतः अजून नोकरी करते. मावशीलाही एकच मूल आणि तिची स्वतःची धावपळ. लेक परदेशात असेल तर आई सहा महिन्यांसाठी जाते. त्या सहा महिन्यांत बाळ बसायला लागतं आणि आजीला परत यावं लागतं.

मी हे बाहेरून बघून सांगत नाही. मला दोन मुलं आहेत आणि दोघांच्या वेळी माझी प्रॅक्टिस चालू राहिली ती सासूबाईंमुळे. त्या दुसऱ्या गावी राहत असत्या, तर मला दुसरं मूल झालंच नसतं, किंवा दवाखाना तरी बंद झाला असता. “तुम्ही कसं जमवता?” असं बायका विचारतात तेव्हा मी खरं उत्तर देते: मी जमवत नाही, आमच्या घरात जमवलं जातं.

आवाहन एक, नियम दुसरे

आता ‘तीन मुलं’ या आवाहनाशेजारी आपले नियम ठेवून बघा. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. दोन मुलं हयात असतील तर तिसऱ्यासाठी फक्त १२ आठवडे. सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच प्रमाण ठेवलं आहे. पाळणाघराची सक्ती पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणीच. शेतात, बांधकामावर, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला यातलं जवळपास काहीच लागू होत नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्वाची रजा पंधरा दिवस. खासगी नोकरीतल्या बापासाठी तेवढाही सर्वसाधारण कायदा नाही. अंगणवाडीचा आधार मोठा, पण बहुतेक ठिकाणी तिथं मूल तीन वर्षांचं झाल्यावर आणि काही तासांपुरतंच बसतं.

नियमांचा दुसरा भाग आणखी उलटा आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही, असा नियम महाराष्ट्रानं केला. २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनी दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांसाठी सरकारी नोकरीचीही वाट अडवली. आंध्रनं स्थानिक निवडणुकांचा असाच नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केला. मे २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मातृत्वाची रजा हा स्त्रीच्या प्रजनन हक्काचा भाग आहे. आधीच्या लग्नातली दोन मुलं आहेत म्हणून ती नाकारता येत नाही.

याहून मागे जाऊ. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीनं नसबंदी करण्याचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. तेव्हा तीन ही कमाल मर्यादा होती. पन्नास वर्षांनी तीन हे किमान लक्ष्य सांगितलं जातंय. आकडा तोच, दिशा उलटी. दोन्ही वेळा ज्या शरीरानं हे सोसायचं, त्या शरीराच्या मालकिणीला कुणी विचारलं नाही.

यात माझाही वाटा आहे आणि तो लपवत नाही. डॉक्टर झाल्यावर सुरुवातीला मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. नसबंदीची सक्तीची उद्दिष्टं कागदावर १९९६ मध्येच संपली होती. तरी मार्च जवळ आला की आकड्यांची विचारणा सुरू व्हायची. दुसरं बाळ झालेल्या पंचविशीच्या मुलींना मी सहज म्हणून जायचे, “आता करून घे ऑपरेशन.” नवऱ्याला बोलावून “तुमची करायची का?” असं मी त्या दोन वर्षांत किती जणांना विचारलं असेल? आठवून बघितलं, तर एकाही हाताची बोटं भरत नाहीत.

देशाचं चित्रही तेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी, टाक्याविना, पंधरा-वीस मिनिटांची. तरी हे प्रमाण.

पैसे देऊन मुलं वाढतात का?

चीननं २०१६ मध्ये दोन आणि २०२१ मध्ये तीन मुलांची मुभा दिली. २०१६ मध्ये तिथं सुमारे १ कोटी ७९ लाख बाळं जन्मली; २०२४ मध्ये सुमारे ९५ लाख. दक्षिण कोरियानं वर्षानुवर्षं प्रचंड खर्च केला, तरी २०२३ मध्ये जननदर ०.७२ होता, २०२४ मध्ये तो जेमतेम ०.७५ झाला. कामाचे लांब तास, महाग घरं, शिक्षणाची जीवघेणी स्पर्धा आणि घरकामाचा भार बाईवरच, हे सगळं तसंच राहिलं तर बक्षिसानं फार फरक पडत नाही. आवाहनानं तर त्याहून कमी.

आपल्याकडे एक जास्तीचा धोका आहे. तिसरं मूल कशासाठी, याचं उत्तर पुष्कळ घरांत ‘मुलगा’ असं असतं. त्याच पाहणीत महाराष्ट्रात जन्माच्या वेळी हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०१५-१६ मध्ये ९२४ होत्या. दोन मुलींच्या आईवर ‘आता सरकारलाच हवंय’ म्हणून दबाव येणार असेल, तर तो आकडा आणखी घसरेल. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवर ठरतं, हे पुन्हा एकदा सांगून ठेवते. आणि गर्भलिंगनिदान गुन्हा आहे.

तुमच्या घरासाठी: निर्णयाआधी विचारायचे प्रश्न

आता मुद्द्याचं. पुढचं मूल हवं की नको, हे मी सांगणार नाही; कुणीच सांगू नये. पण ठरवण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

१. तिची तब्येत तयार आहे का? बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्याआधी किमान २४ महिन्यांचं अंतर ठेवा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सिझेरियन झालं असेल तर हे अंतर आणखी महत्त्वाचं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी ते भरून काढा. मूल ठरवलं की गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड सुरू करा. मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब, फिट्सची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना भेटा. औषध मनानं बंद करू नका.

२. वयाचं गणित माहीत आहे का? तिशीपर्यंत थांबलं म्हणून घाबरू नका, पण चाळिशीपर्यंत सहज होईल असंही समजू नका. विशी आणि तिशीच्या सुरुवातीला दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता साधारण चारात एक; चाळिशीत दहात एक. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून गर्भ राहिला नाही तर तपासणी करा. पाळी फार अनियमित असेल तर त्याहीआधी.

३. नवऱ्याची तपासणी झाली का? मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा सोबतीनं असतं. वीर्यतपासणी स्वस्त आहे, दुखत नाही आणि ती सर्वांत आधी व्हायला हवी. बाईची सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, दोन देवस्थानं झाली तरी नवऱ्याचा रिपोर्ट नाही, अशी जोडपी मला आजही भेटतात. तंबाखू, सिगारेट, दारू आणि जिममधली स्टेरॉइडची इंजेक्शनं शुक्राणूंना मारक आहेत. ती सोडल्यावर फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

४. मूल आत्ता नको असेल तर साधन कोणतं? नसबंदी हा एकच मार्ग नाही. तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळी, निरोध ही साधनं सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. तांबी काढली की लगेच गर्भ राहू शकतो. तिनं कायमचं वंध्यत्व येत नाही. कुटुंब पूर्ण झालं असेल तर पुरुष नसबंदीचा विचार आधी करा. तिनं पुरुषत्व जात नाही, ताकद कमी होत नाही. फक्त तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत याची खात्री करून घ्यायची.

५. हात किती आहेत? हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नसतो. एक कागद घ्या. सकाळी सहा ते रात्री दहा, बाळ कुणाकडे, हे तासातासानं लिहा. सगळ्या रकान्यांत एकच नाव आलं तर तिच्या शरीराला आणि मनाला ते झेपणार नाही. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येणं, झोप न लागणं, बाळाबद्दल ओढ न वाटणं, हे प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. तो नाटकीपणा नव्हे, आजार आहे आणि उपचारांनी बरा होतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तिला एकटी ठेवू नका.

६. हो कोण म्हणतंय? र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. मूल कधी आणि किती, हे बाईला ठरवता यावं, असं ते मराठी माणसाला सांगत राहिले. शंभर वर्षं झाली. अजून माझ्या टेबलासमोर सासूबाई बोलतात, नवरा बोलतो आणि जिला नऊ महिने पोट वागवायचं ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसते. म्हणून मी आता बाकीच्यांना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगते. तुमच्या डॉक्टरांकडेही तशी दोन मिनिटं मागा. तो तुमचा हक्क आहे.

शेवटी

त्या सुनेलाही मी एकटीला विचारलं होतं. ती म्हणाली, “दुसरं नको असं नाही, मॅडम. मला ताई-दादा असं दोन हवेतच. पण आधी एक रात्र सलग झोपायचंय.” आम्ही तांबी बसवली, लोह सुरू केलं. मग नवऱ्याला बोलावलं. दिवसपाळीच्या आठवड्यात संध्याकाळचे दोन तास मुलगी त्याच्याकडे, असं ठरलं. सासूबाईंना सांगितलं, गुडघे दुखतात तर उचलून घेऊ नका, खाली चटईवर शेजारी बसा; आजीचं काम बसूनही होतं. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झालं. अजून बाराच्या वर जायचंय. दुसऱ्याचं त्यांनी अजून ठरवलेलं नाही आणि त्यांच्यावर घाईही नाही.

देशाला किती मुलं हवीत, यावर मोठी माणसं भांडत राहतील. तुम्हाला कुणी “अजून एक होऊ द्या” म्हणालं, तर रागावू नका. शांतपणे विचारा, “सकाळी आठ ते दहा तुम्ही याल का सांभाळायला?” जो हो म्हणेल, त्याच्या सल्ल्याचा जरूर विचार करा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधं, साधनं आणि तपासण्यांबाबतचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावा.)